दुसरा अंगठा

धुळे,
१७ सप्टेंबर १९९१

प्रिय नूर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दोनदा वाचलं, पिठाच्या डब्यामागे ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्या दोन ओळी लिहायला बसले की हात भलतंच काही लिहायला लागायचा. हवापाणी, आईचे गुडघे, भाजीचे भाव. आज मी सुट्टी काढली आहे. दाराला आतून कडी लावली आहे आणि सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

तुझ्या परदेशातल्या वॉर्डातली ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. धर्मानं रक्त घ्यायला मनाई आहे म्हणाली, आणि तुम्ही सिस्टर्स, डॉक्टर तिच्या पलंगाभोवती उभे राहून ती पांढरी पडत जाताना बघत राहिलात. नवरा रडत होता, द्या म्हणत होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण तिकडे बायकोच्या देहावर नवऱ्याची सही चालत नाही. तू लिहिलंस, तुमच्या मेट्रनच्या तरुणपणी तिथंही बाईची गर्भाची पिशवी काढायची तर नवऱ्याची सही मागायचे, कायद्यात नसताना, निव्वळ सवय म्हणून. तुझ्याबरोबरची अमेरिकेहून आलेली सिस्टर म्हणते, त्यांच्याकडे डॉक्टरनं एकेक धोका समजावून सांगावा लागतो, नाहीतर कोर्टात उभं राहावं लागतं. आणि तुमच्याकडे डॉक्टरला योग्य वाटेल तेवढं सांगितलं तरी भागतं. हे सगळं लिहून शेवटी तू विचारलंस, की धुळ्यात त्या बाईला कुणी काय सांगितलं होतं, आणि तुझ्या भावानं तो खोटा अंगठा का उठवला. खाजाभाईचं नावसुद्धा तू लिहिलं नाहीस. 'त्याच्या हातानं एका चांगल्या डॉक्टरचा जीव गेला, दोन वर्षं मी त्याला पत्र लिहिलेलं नाही,' एवढंच.

जळगावच्या नर्सिंग शाळेत आपण तीन वर्षं एका खोलीत काढली. खाजाभाई दर पंधरा दिवसांनी धुळ्याहून एस.टी.नं यायचा आणि फाटकाशी उभा राहून दोन डबे द्यायचा, एक तुझा, एक माझा. तुझी भाभी रहिमाबी माझ्या डब्याला वेगळं पांढरं फडकं बांधायची, कारण माझी आई पहूरहून अचानक टपकली तर तिला पटायला हवं की आतलं सगळं शाकाहारी आहे. तू लग्न होऊन तिकडे गेलीस आणि मला साक्री रोडवर डॉक्टर वाघुळद्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली, तीही खाजाभाईच्या शब्दावर. तो तिथं कंपाउंडर. औषधं द्यायचा, केसपेपर लिहायचा, आणि अक्षर चांगलं म्हणून ऑपरेशनच्या संमतीचे कागदही तोच भरायचा. आमची पद्धत अशी होती, की पेशंट दाखल झाला की खाजाभाई छापील कागदावर नावं लिहायचा आणि खाली साक्षीदार म्हणून आपली सही करून ठेवायचा. अंगठे मागाहून घेतले जायचे. अंगठ्यांच्या जागा दोन. एक पेशंटची, दुसरी नवऱ्याची नाहीतर बापाची. पुरुष पेशंट असला की दुसरी जागा बहुतेक वेळा कोरीच राहायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला होता, दुपारी एकच्या सुमाराला साक्रीकडून एक जीप आली. मागच्या बाकावर झुंबरबाई आडवी होती. वय सत्तावीस, चार मुली, पाचव्या वेळचा आठवा महिना. बरोबर तिचा नवरा भटू आणि थोरला दीर जीवराम. पायरीवरून पडली, असं जीवरामनं सांगितलं. मी तिचं लुगडं सोडलं तर पाठीवर हातभर लांबीचे काळेनिळे वळ होते, एकाला एक लागून, आणि पोटावर टाचेचा ठसा. पायरीला टाच नसते. 'हे बाळंतपण झालं की ऑपरेशन करून घेईन,' असं ती घरात बोलली होती, एवढाच तिचा गुन्हा. भटूनं जोखडाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, तिच्या पाठीवर मोडेपर्यंत चालवली आणि ती खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. तीन लाथा. तिनं मोजल्या होत्या.

डॉक्टरांनी तपासलं. मूल पोटातच गेलं होतं. पिशवी फाटली होती, आत रक्त साचत होतं. त्यांनी बाहेर येऊन भटूला सांगितलं, की ताबडतोब पोट उघडावं लागेल, आणि बहुतेक पिशवी काढल्याशिवाय बाई वाचणार नाही. भटू बाकावर गुडघ्यांत हात घालून बसला होता. वर न बघता म्हणाला, "पिशवी काढानी नही. माले पोऱ्या पाहिजे." डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. मग जीवराम म्हणाला, मार्केटात आमचे मामा आहेत, त्यांना विचारून येतो. दोघं उठून गेले ते गेलेच. खाजाभाई सायकलवर टांग मारून सिव्हिलमध्ये रक्ताच्या बाटल्या आणायला गेला. डॉक्टर हात धुऊन आले आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. ओल्या हातांनी, कोपरं वर धरून, नुसते उभे.

नूर, ते वाईट माणूस नव्हते. आदल्याच वर्षी त्यांच्या एका मित्राच्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या आणि मित्राचे दात पाडले होते. तेव्हापासून कागदावर दोन अंगठे असल्याशिवाय ते सुरीला हात लावत नसत. मी म्हटलं, बाई शुद्धीवर आहे, तिला विचारते. ते म्हणाले, "विचारा. पण तिच्या एकटीच्या अंगठ्याचा मला उपयोग नाही, प्रमिलाबाई. उद्या नवरा माझी मान धरेल."

मी आत गेले. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, नाडी बोटाखाली धावत होती. मी तिला सगळं सांगितलं. पोरगं गेलं, पिशवी फाटली, काढली तर जगशील, पण पुन्हा दिवस जाणार नाहीत, कधीच नाहीत. आणि काढूनसुद्धा जगशील याची कुणी हमी देऊ शकत नाही. तिनं तीन गोष्टी विचारल्या. शेतातलं काम करता येईल का. सहा महिन्यांनी येईल, मी म्हटलं. पोरींना किती दिवस बघता येणार नाही. पंधरा दिवस. आणि तिसरी, "त्याले समजी का?" मी म्हटलं, आज ना उद्या समजेलच. ती म्हणाली, "काढी टाका. मी मरनू तं पोरीस्ले कोन दखी? मना अंगठा ल्या." तिला बोट उचलवत नव्हतं. मी शाईचं पॅड तिच्या हाताखाली धरलं आणि तिनं स्वतः दाबलं. तू विचारतेस ना, त्या बाईला कुणी काय सांगितलं होतं? सगळं सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. तुमच्या अमेरिकेतल्या सिस्टरला विचार, तिच्याकडे तरी याहून जास्त सांगतात का.

भटूचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं मी कागद डॉक्टरांपुढे धरला तेव्हा त्यावर दोन्ही अंगठे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हातमोजे चढवले आणि आत गेले. पोट उघडल्यावर रक्त टेबलावरून आमच्या चपलांत उतरलं. पिशवी आडवी फाटली होती, शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाजाभाई रक्त घेऊन घामाघूम होऊन आला, दोन्ही बाटल्या गेल्या, आणि झुंबरबाई वाचली.

चारच्या सुमाराला भटू परत आला. ऑपरेशन झालं, बाई जगली, पिशवी काढावी लागली, हे डॉक्टरांनी सांगितलं. तो माझ्याकडे वळला. मग मला विचारलं, काय होतं? मी म्हटलं, मुलगा. नूर, ते मी सांगायला नको होतं का? पुष्कळदा विचार करते. पण मला ते सांगायचं होतं. त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं पोर घेतलं आणि दोन्ही हातांवर आडवं धरून बाहेर गेला.

पाचव्या दिवशी जीवराम आला. त्याला वाचता येत होतं. आमच्या माणसाला न विचारता पिशवी काढलीच कशी, म्हणून तो काउंटरवर भांडायला लागला. खाजाभाईनं शांतपणे कागद काढून दाखवला, हा बघा, तुमच्या भावाचा अंगठा. त्याला खरंच तसं वाटत होतं. भटू मागे उभा होता. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, मग आपला अंगठा उलटासुलटा करून पाहिला. "मी अंगठा दिधा नही," तो म्हणाला. ओरडला नाही. खाजाभाईनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भटू एकटा आला. बाहेर बाकांवर पोरं घेऊन बाया बसल्या होत्या. त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो थेट बायकांच्या वॉर्डात शिरला आणि झुंबरबाईला केसांना धरून पलंगावरून खाली ओढली. तिचे टाके उसवले. तिच्या ओरडण्यानं आम्ही धावलो. खाजाभाईनं त्याला मागून कमरेला मिठी मारली. तेवढ्यात डॉक्टर दारात आले, गळ्यात तपासायची नळी तशीच. भटूनं खाजाभाईला झटकलं, गोणपाट गळून पडलं, आणि कुऱ्हाडीचा पहिला घाव डॉक्टरांच्या खांद्यात बसला. ते खाली बसले आणि उजवा हात वर धरला. दुसरा घाव त्या हातावर. हात मनगटापासून लोंबायला लागला. तिसरा डोक्यात. तो आवाज मी सांगू शकत नाही. नारळ फुटल्यासारखा, असं लोक म्हणतात, तसा नव्हता.

माझ्या शेजारी स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या. मी ते भांडं उचललं आणि भटूच्या तोंडावर फेकलं. तो डोळे धरून पडला. रस्त्यावरची माणसं आत घुसली, बाकांचे पाय तोडून त्याला मारायला लागली. मीही मारलं, नूर. सलाइनचा लोखंडी स्टँड उलटा धरून मारलं. तो हलायचा थांबला तरी मी मारत होते. खाजाभाईनं मला मागून धरून ओढलं नसतं तर मी त्याला तिथंच संपवला असता आणि मला त्याचं काही वाटलं नसतं. आपण जळगावला टोपी घालून, हातात दिवा धरून शपथ घेतली होती, ती मीच का, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी गेले. भटू जगला, एका डोळ्यानं आंधळा होऊन. झुंबरबाईचे टाके सिव्हिलमध्ये पुन्हा घातले.

मग पोलिसांच्या हातात तो कागद पडला. तज्ज्ञानं लिहून दिलं, की दुसरा अंगठा भटूचा नाही. ठसा फरफटलेला आहे, कुणाचा ते सांगता येत नाही. अक्षर खाजाभाईचं, साक्षीदाराची सही खाजाभाईची. त्याला ठाण्यात नेलं. चार दिवस ठेवलं. टेबलावर पंजा पसरायला लावून रुळानं बोटं ठेचली. अंगठा कुणाचा, एवढंच विचारत होते. तो एकच सांगत राहिला, "सही माझी आहे." पद्धत म्हणून आधीच केली होती, अंगठा उठला तेव्हा मी सिव्हिलमध्ये होतो, तिथली वही बघा, असं सांगितलं असतं तर सुटला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की त्या वेळी बाईजवळ कोण होतं. तो सुटून आला तेव्हा रहिमाबीनं त्याला भरवलं, कारण हाताला घास धरवत नव्हता. अजूनही उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. लिहिणं गेलं. आता तो देवपूरला एका औषधांच्या गोदामात खोकी मोजतो.

गेल्या वर्षी खुनाचा खटला उभा राहिला. भटूचा वकील म्हणाला, डॉक्टरांनी नवऱ्याच्या संमतीशिवाय पिशवी काढली, वर खोटा अंगठा उठवला, त्या रागात हे घडलं. मी साक्षीला उभी होते. दुसऱ्या अंगठ्याचं मला माहीत नाही, असं मी शपथेवर सांगितलं. माझ्यानंतर झुंबरबाई आली. न्यायाधीशांनी तिला विचारलं, काय काढणार हे तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "बाईनी माले बठ्ठं सांगं व्हतं. मना जीव शे, मी हो म्हनं." न्यायाधीशांनी 'बठ्ठं म्हणजे सगळं' असं कारकुनाला सांगून ते लिहून घेतलं. भटूला जन्मठेप झाली. झुंबरबाई आता माहेरी आहे, पिंपळनेरकडे; चारही मुली तिच्याजवळ आहेत. मोठी शाळेत जाते. मला भेटायला येते तेव्हा नागलीचं पीठ घेऊन येते. डॉक्टरांबद्दल बोलायला लागली की ती रडते, आणि मग मला तिला धीर द्यावा लागतो. मला!

खाजाभाईवरचा बनावट कागदाचा खटला मात्र लांबत राहिला. तो या शुक्रवारी, वीस तारखेला आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या वकिलाकडे, पितांबर वकिलांकडे, एकटी गेले. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, नावं गाळून. म्हटलं, तिकडचा कायदा किती चांगला. ते चष्मा पुसत म्हणाले, इकडचाही तोच आहे. वयात आलेल्या शहाण्या माणसाची स्वतःची संमती पुरते, बाई असली तरी. आणि जीवच जात असेल, विचारायला कुणी नसेल, तर डॉक्टरनं भल्यासाठी केलेल्या गोष्टीला तेवढीही लागत नाही. नवऱ्याची सही हवी असं कुठंही लिहिलेलं नाही. मी विचारलं, मग तो दुसरा अंगठा? ते म्हणाले, त्याची गरजच नव्हती. तिचा पहिला होता ना. मी त्यांच्या पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिले. माणसं बाजूनं जात होती. तिच्या गार हातानं उठवलेला तो एक अंगठा पुरेसा होता, नूर. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं.

दुसरा अंगठा माझा आहे. मी पॅडवर दाबला, कागदावर ठेवला आणि ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम सरकवला. तिला जगवायचं होतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं, आणि तेवढ्यापुरतं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढचं. झुंबरबाईला मी सगळं समजावून विचारलं. डॉक्टरांना विचारलं नाही, तुझ्या भावाला विचारलं नाही, आणि त्याच्या सहीवर माझं पाप ठेवलं. तो ठाण्यातून आला तेव्हा मी त्याच्या पायाशी बसले. तो म्हणाला, "बाई जगली ना? मग गप्प राहा. तुझी नोकरी गेली तर पहूरला तुझ्या आईला कोण बघेल?" आणि मी गप्प राहिले. तीन वर्षं. तुझी पत्रं येत राहिली, त्यांत तू त्याला बोल लावत राहिलीस, आणि मी तुला हवापाणी लिहीत राहिले. शुक्रवारी मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून खरं सांगणार आहे. पितांबर वकिलांनी काय होऊ शकतं ते सगळं समजावलंय. खोटा कागद, खोटी शपथ, नर्सिंगचं नाव यादीतून जाणं, कदाचित तुरुंग. सगळं समजून मी हो म्हटलं आहे. खाजाभाईला अजून सांगितलेलं नाही, तो अडवेल. हे पाकीट तुझ्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणून मला थांबवायला लिहू नकोस. माझ्याबद्दल काय वाटायचं ते सावकाश ठरव. पण आज, हे वाचून संपल्यावर लगेच, आधी तुझ्या भावाला पत्र लिही. त्याला उत्तर लिहिता येणार नाही, रहिमाबी लिहील. तो दर शनिवारी आमच्या गल्लीत येतो आणि दारातूनच विचारतो, नूरचं काही आलं का.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क तू राहू दिलास तर तुझीच,
प्रमिला